पन्नास हजार नावं

१९८२ च्या उन्हाळ्यात शिकागोमधल्या बेकारी भत्त्याच्या आणि सरकारी मदतीच्या कार्यालयांपाशी मतदार नोंदणीची टेबलं लागली. आत पोट भरण्यासाठीची रांग होती, बाहेर नाव नोंदवण्याची. अमेरिकेत मतदार यादीत नाव घालणं ही तेव्हा ज्याची त्याची जबाबदारी होती. आपल्याकडे यादी करणारा माणूस निदान दारापर्यंत येतो. तिथे नागरिकानं स्वतःहून जाऊन नाव द्यायचं. शिकागोच्या दक्षिण आणि पश्चिम भागातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या लाखो लोकांनी ते कधी दिलंच नव्हतं. मत देऊन काय बदलतं, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तोवरचा अनुभव पाहता तो रास्त होता.

त्याच सुमाराला अमेरिकी काँग्रेसचा एक साठ वर्षांचा सदस्य राजधानीत सुखानं काम करत होता. त्याचं नाव हॅरॉल्ड वॉशिंग्टन. शिकागोचे लोक त्याला आडनावानं हाक मारत नसत. दुकानातली बाई, बसचा ड्रायव्हर, चर्चमधले म्हातारे, सगळ्यांसाठी तो फक्त ‘हॅरॉल्ड’ होता, म्हणून मीही त्यांना हॅरॉल्डच म्हणेन. शहरातले कार्यकर्ते त्यांच्यामागे लागले होते, महापौरपदाला उभे राहा म्हणून. पत्रकार ल्यू पामर तर वर्षभर सभा घेऊन सांगत होते की १९८३ मध्ये या शहराला कृष्णवर्णीय महापौर मिळालाच पाहिजे. हॅरॉल्ड यांनी या आग्रहाला होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. त्यांनी अट घातली: आधी पन्नास हजार नवे मतदार नोंदवून दाखवा, मग बोलू. निवडणूक लढवायला लागेल तेवढा पैसाही हवा, असं त्यांनी त्याला जोडलं.

ही अट त्यांच्या सगळ्या राजकीय आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची कृती होती, असं मला वाटतं. त्यांना हो म्हणायचं नव्हतं म्हणून त्यांनी ती घातली असंही तेव्हा काहींना वाटलं. पण ज्या घरात ते वाढले, त्या घरात राजकारण म्हणजे मतांची यादीच होती.

हॅरॉल्ड यांचा जन्म १५ एप्रिल १९२२ चा, शिकागोतल्याच सरकारी इस्पितळातला. वडील रॉय वॉशिंग्टन वकील होते, मेथडिस्ट चर्चमध्ये प्रवचन करत, आणि तिसऱ्या वॉर्डात डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रिसिंक्ट कॅप्टन होते. प्रिसिंक्ट म्हणजे वॉर्डाचा एक तुकडा, काही शे मतदारांचा. शिकागोत तेव्हा ५० वॉर्ड आणि असे सुमारे ३ हजार तुकडे होते. कॅप्टनचं काम आपल्याकडच्या गटप्रमुखाला चटकन कळेल. कुणाच्या गल्लीतला दिवा बंद आहे, कुणाचा कचऱ्याचा डबा फुटलाय, कुणाच्या मुलाला महापालिकेत चिकटवायचंय, कुणाचा भाडेकरूशी तंटा आहे, हे सगळं त्यानं बघायचं. त्याच्या बदल्यात निवडणुकीच्या दिवशी ते घर मतदानाला बाहेर काढायचं. मतदानाच्या आधी कॅप्टननं वॉर्डच्या नेत्याला आकडा सांगायचा: माझ्याकडून इतकी मतं. आकडा चुकला तर कॅप्टनची नोकरी जाई, कारण बहुतेकदा तोही महापालिकेच्या पगारावरच असे.

आईवडील लवकर वेगळे झाले आणि मुलगा वडिलांपाशी राहिला. जेवताना घरी वकिली, धर्म आणि वॉर्ड यांच्या गप्पा चालत. वडिलांच्या मागे मुलगा पत्रकं वाटत फिरे. ड्युसेबल हायस्कूलमध्ये तो चांगला धावपटू होता, पण शाळा त्यानं अर्धवट सोडली, लवकर लग्न केलं आणि महायुद्धात सैन्यात गेला. पॅसिफिकमधल्या बेटांवर विमानांच्या धावपट्ट्या बांधणाऱ्या तुकडीत तो होता. ते सैन्यही तेव्हा रंगानुसार वेगळं काढलेलं होतं. तिथेच त्यानं शाळेचं राहिलेलं शिक्षण पुरं केलं. परतल्यावर रूझवेल्ट कॉलेजमध्ये विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष झाला, १९४९ मध्ये पदवी घेतली, आणि १९५२ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून कायद्याची. त्या वर्गात तो एकटाच कृष्णवर्णीय होता.

१९४७ मध्ये वडील नगरसेवकपदासाठी उभे राहिले होते आणि हरले होते. १९५३ मध्ये ते गेले. त्यांच्या पश्चात त्यांचा प्रिसिंक्ट मुलाकडे आला, आणि त्याबरोबर महापालिकेच्या विधी खात्यातली नोकरीही. तिसऱ्या वॉर्डचे नगरसेवक राल्फ मेटकाफ हे त्यांचे साहेब. हे तेच मेटकाफ, जे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या शर्यतीत जेसी ओवेन्सच्या पाठोपाठ दुसरे आले होते. मेटकाफ यांच्या वॉर्डात तरुण कार्यकर्त्यांना घडवण्याचं काम हॅरॉल्ड करत. मतं कशी मोजावीत, कुठल्या जिन्यानं चढावं, कुणाशी किती बोलावं, हे सगळं ते शिकवत.

त्या यंत्रणेला शिकागोत सरळ ‘मशीन’ म्हणत. तिची दोरी १९५५ पासून रिचर्ड जे. डेली यांच्या हातात होती. आपल्याकडच्या महापौराशी त्यांची तुलना करून चालणार नाही. मुंबई-पुण्यात कारभाराची सूत्रं आयुक्ताकडे असतात आणि महापौर सभागृह चालवतो. शिकागोचा महापौर लोकांनी थेट निवडलेला. पोलीस, शाळा मंडळ, घरबांधणी, अंदाजपत्रक, नेमणुका सगळं तेव्हा त्याच्यापाशी असे. डेली वर पक्षाचे जिल्हाध्यक्षही होते. हजारो नोकऱ्या त्यांच्या शब्दावर दिल्या जात आणि काढल्या जात.

कृष्णवर्णीयांनी या मशीनला वर्षानुवर्षं भरभरून मतं दिली. १९६३ मध्ये तर डेली निवडून आले ते त्यांच्या वस्त्यांमुळेच. बदल्यात काय मिळालं? देशाच्या दक्षिणेकडून कामासाठी आलेल्या लाखो लोकांना शहराच्या एका पट्ट्यात कोंडून ठेवलं गेलं, तिथेच उंच सरकारी चाळी बांधल्या गेल्या, शाळांमध्ये इतकी गर्दी झाली की पाळ्या लावाव्या लागल्या. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग घरांच्या प्रश्नावर मोर्चा घेऊन मार्केट पार्कमध्ये गेले, तेव्हा जमावानं फेकलेला दगड त्यांच्या डोक्याला लागला. १९६९ च्या डिसेंबरात पोलिसांनी पहाटेच्या छाप्यात ब्लॅक पँथर पक्षाचा एकवीस वर्षांचा नेता फ्रेड हॅम्प्टन याला घरात घुसून गोळ्या घातल्या. तीनच वर्षांनी मुंबईत तरुणांनी दलित पँथर काढली, ती याच पक्षाचं नाव घेऊन. हॅम्प्टनच्या खुनानंतर शिकागोच्या कृष्णवर्णीय मतदारांनी प्रथमच मशीनविरुद्ध एकगठ्ठा मत दिलं आणि त्या छाप्यामागच्या सरकारी वकिलाला १९७२ मध्ये घरी पाठवलं. त्याच वर्षी पोलिसांच्या जुलमावरून मेटकाफही डेलींपासून दूर झाले.

हॅरॉल्ड तेव्हा स्प्रिंगफील्डच्या राज्य विधिमंडळात होते. १९६४ मध्ये ते तिथे निवडून गेले ते मशीनच्याच उमेदवारीवर. मशीनच्या मर्जीविरुद्ध ते अधूनमधून मत देत, पोलिसांवर नागरिकांची देखरेख असावी म्हणून विधेयक आणत, मग वॉर्डातून बोलावणं येई. किंग यांचा जन्मदिन राज्याची सुट्टी करणारा कायदा १९७३ मध्ये इलिनॉयनं सर्व राज्यांआधी केला, त्यामागे त्यांचा रेटा होता. पण त्यांची स्वतःची कागदपत्रं मात्र कधी नीट नसत. काही अशिलांचे पैसे घेऊन कामं न केल्याबद्दल १९७० मध्ये त्यांची वकिलीची सनद स्थगित झाली. चार वर्षांची आयकराची विवरणपत्रं भरली नाहीत म्हणून १९७२ मध्ये त्यांनी महिनाभराहून अधिक काळ तुरुंगात काढला. पगारातून कर कापला गेलेला होता. राहिलेली रक्कम सुमारे ५०० डॉलरची. रक्कम लहान होती, पण कायदे करणाऱ्यानं कायद्याकडे काणाडोळा केला होता आणि हे दोन्ही दोष खरे होते. पुढे महापौरपदाच्या निवडणुकीत ते रोज त्यांच्यासमोर उगाळले गेले.

२० डिसेंबर १९७६ रोजी डेली वारले. पुढे जे घडलं ते कृष्णवर्णीय शिकागोकर विसरले नाहीत. नगरसभेचे हंगामी अध्यक्ष विल्सन फ्रॉस्ट हे कृष्णवर्णीय नगरसेवक. नवा महापौर येईपर्यंत कारभार आपल्याकडे येतो, असं त्यांचं म्हणणं. ते महापौरांच्या दालनापाशी गेले तर दार बंद. थोड्याच दिवसांत मायकल बिलँडिक यांना महापौर करून टाकलं. १९७७ च्या पोटनिवडणुकीत हॅरॉल्ड मशीनविरुद्ध उभे राहिले. पैसा नाही, कार्यकर्ते तुटपुंजे. पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांना सुमारे ११ टक्के मतं पडली. ५० पैकी ५ वॉर्ड त्यांनी जिंकले, तेही दक्षिणेतले. या पराभवात त्यांनी दोन गोष्टी शिकून घेतल्या. मशीनशी आपला संबंध संपला, ही एक. आणि दुसरी, नाव नसलेल्या मतदारांच्या जोरावर निवडणूक लढवता येत नाही.

मग १९७९ च्या जानेवारीतली बर्फवृष्टी आली. शिकागोला बर्फ नवा नाही, पण त्या वर्षी रस्ते आठवडेच्या आठवडे अडकून राहिले. उन्नत रेल्वेच्या गाड्या उपनगरांतून शहराच्या मध्यात लवकर पोचाव्यात म्हणून मधली काही स्थानकं वगळायचं ठरलं. ती स्थानकं होती कृष्णवर्णीय वस्त्यांमधली. कडाक्याच्या थंडीत फलाटावर उभ्या असलेल्या माणसांसमोरून भरलेल्या गाड्या न थांबता जात राहिल्या. या शहराचा नकाशा कोणासाठी काढलाय हे इतक्या उघडपणे सांगणारं चित्र दुसरं नसेल. फेब्रुवारीतल्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्या माणसांनी बिलँडिक यांना पाडलं आणि जेन बर्न यांना निवडून दिलं. शहराच्या त्या पहिल्या महिला महापौर.

बर्नबाईंनी मात्र लवकरच मशीनशी जुळवून घेतलं. शाळा मंडळावरच्या कृष्णवर्णीय सदस्यांच्या जागी गोरे सदस्य नेमले. सरकारी चाळी चालवणाऱ्या मंडळावरही तेच केलं, ज्या चाळींमध्ये बहुतेक भाडेकरू कृष्णवर्णीय होते. कॅब्रिनी-ग्रीन या बदनाम वसाहतीत त्या स्वतः तीन आठवडे राहायला गेल्या, पण लोकांना तो फोटोंसाठीचा मुक्काम वाटला. १९८२ च्या उन्हाळ्यात जेसी जॅक्सन यांनी शहराच्या मोठ्या संगीत महोत्सवावर बहिष्काराची हाक दिली आणि स्टीव्ही वंडर यांनी आपला कार्यक्रम रद्द केला. राग होता. आता त्याची यादी करायची होती.

ती यादी कशी झाली, हे मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण विजयाच्या रात्रीचे फोटो सगळे बघतात आणि नोंदणीच्या टेबलाचे कुणाला आठवत नाहीत. सरकारी मदतीवर जगणाऱ्यांच्या एका संघटनेनं मदत कार्यालयांच्या दारात नोंदणी सुरू केली. चर्चमध्ये पाद्री प्रवचनानंतर नावं घेऊ लागले. केसांची उत्पादनं बनवणाऱ्या सॉफ्ट शीन कंपनीचे मालक एड गार्डनर यांनी आपला जाहिरात विभागच या कामाला जुंपला. मोहल्ल्यामोहल्ल्यात नाव नोंदवण्याचा एक खास दिवस होता, ५ ऑक्टोबर. त्या दिवशी जागे व्हा, असं सांगणाऱ्या जाहिराती कृष्णवर्णीयांच्या रेडिओ केंद्रांवरून दिवसभर वाजत होत्या. हॅरॉल्ड यांनी मागितली होती पन्नास हजार नावं. झाली लाखाच्या वर.

नोव्हेंबरात राज्यपालपदाची निवडणूक झाली आणि या नव्या मतदारांनी मतदान केंद्रांवर रांगा लावल्या. त्यांचा उमेदवार सुमारे पाच हजार मतांनी हरला, पण यादी खरी आहे हे सिद्ध झालं. १० नोव्हेंबर १९८२ रोजी हाइड पार्कमधल्या हॉटेलात हॅरॉल्ड यांनी उमेदवारी जाहीर केली. आता मागे जायला वाट उरली नव्हती.

डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठीची लढत तिरंगी होती. सत्तेतल्या जेन बर्न, त्यांच्याकडे सुमारे १ कोटी डॉलरचा निधी. दुसरे रिचर्ड एम. डेली, जुन्या डेलींचे चिरंजीव. तिसरे हॅरॉल्ड. वर्तमानपत्रांचा आणि गोऱ्या राजकारण्यांचा हिशेब असा की खरी झुंज पहिल्या दोघांत आहे. जानेवारीत चार जाहीर वादसभा झाल्या, दूरचित्रवाणीवर. लाखो लोकांनी हॅरॉल्ड यांना प्रथमच नीट ऐकलं. भरदार आवाज, लांबलचक शब्दांची हौस, आकड्यांची तयारी. अंदाजपत्रकातली भोकं दाखवता दाखवता ते शांतपणे म्हणाले की निवडून आल्यावर मी पोलीस प्रमुखांना बदलणार. ज्या वस्त्यांमध्ये पोलिसांची गाडी दिसली की आया पोरांना घरात ओढत, तिथे या एका वाक्यानं काय झालं असेल याची कल्पना करावी. दुसऱ्या दिवशीपासून निळ्या रंगाचे, उगवत्या सूर्याच्या किरणांचे बिल्ले कोटांवर दिसू लागले. ६ फेब्रुवारीला विद्यापीठाच्या बंदिस्त क्रीडागृहात सभा झाली. बाहेर बर्फ, आत हजारोंची गर्दी. त्या सभेनंतर वर्तमानपत्रांना आपला हिशेब पुन्हा मांडावा लागला.

मशीनलाही भीती वाटू लागली. मतदानाच्या आदल्या शनिवार-रविवारी पक्षाचे जिल्हाध्यक्ष एडवर्ड व्हर्डोलियाक यांनी गोऱ्या वस्तीतल्या कार्यकर्त्यांना सांगितलं की ही लढत रंगाचीच आहे, उगाच स्वतःची फसवणूक करू नका. डेलींना मत म्हणजे हॅरॉल्डना मत. ते बोलणं बाहेर फुटलं. आणि २२ फेब्रुवारी १९८३ रोजी मतं मोजली तेव्हा हॅरॉल्ड सुमारे ३६ टक्के, बर्न ३३, डेली ३० अशी निघाली. मध्यरात्र उलटून गेल्यावर निकाल स्पष्ट झाला. दोन गोऱ्या उमेदवारांत मतं फुटली हे खरं. पण फूट अनेकदा पडते. तिचा फायदा घ्यायला समोर एकसंध मतं लागतात, आणि ती ५ ऑक्टोबरला नोंदवलेली होती.

शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी म्हणजे महापौरपद, हा पन्नास वर्षांचा शिरस्ता होता. शेवटचा रिपब्लिकन महापौर १९३१ मध्ये गेला होता. एरवी रिपब्लिकन पक्ष नावापुरता उमेदवार देई. या वेळचे त्यांचे उमेदवार बर्नार्ड एप्टन हे ज्यू वकील, हॅरॉल्ड राहत त्याच हाइड पार्कचे, विधिमंडळात उदारमतवादी म्हणून ओळखले जाणारे. अचानक त्यांच्यामागे डेमोक्रॅटिक वॉर्डांचे नेते उभे राहिले, पक्षाचे बिल्ले फेकून. एप्टन यांच्या जाहिरातीत शेवटी एक वाक्य येई: फार उशीर होण्याआधी एप्टनना मत द्या. उशीर कशाला, हे सांगायची गरज नव्हती. पूर्वायुष्यात वंशभेदाविरुद्ध बोललेल्या माणसानं हे वाक्य चालू दिलं, ही त्या निवडणुकीतली मला सर्वांत खेदाची वाटणारी गोष्ट.

२७ मार्चला, पाम संडेच्या दिवशी, हॅरॉल्ड आणि माजी उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर मॉन्डेल वायव्य भागातल्या सेंट पास्कल चर्चला गेले. दारावर हॅरॉल्ड यांना उद्देशून मरणाची शिवी रंगवलेली होती. बाहेर जमलेल्या लोकांनी असा आरडाओरडा केला की दोघांना प्रार्थना अर्धवट टाकून निघावं लागलं. ते दृश्य देशभर दिसलं. मिशिगन तलावाच्या काठच्या सुखवस्तू, सुशिक्षित वॉर्डांमधल्या अनेक गोऱ्या मतदारांनी त्यानंतर मन बनवलं, असं त्या निवडणुकीचा अभ्यास करणारे सांगतात. कर आणि सनदेच्या आरोपांवर हॅरॉल्ड यांनी उत्तर दिलं, चूक कबूल केली, आणि पुन्हा आकड्यांकडे वळले.

१२ एप्रिल १९८३. ८० टक्क्यांहून अधिक मतदारांनी मत दिलं. हॅरॉल्ड ६,६८,१७६, एप्टन ६,१९,९२६. फरक ४८,२५०. कृष्णवर्णीय जवळजवळ सगळे, लॅटिनो मतदारांतला मोठा भाग, आणि गोऱ्यांतले फार थोडे; पण ते थोडे नसते तर निकाल उलटा लागला असता. आणखी एक हिशेब मांडून बघावा. हा फरक ज्या पन्नास हजार नावांची अट हॅरॉल्ड यांनी घातली होती, त्या आकड्यापेक्षा थोडा कमीच भरतो.

पुढची कथा सत्तेची नाही, सत्ता हाती येऊनही ती वापरता न येण्याची आहे. २९ एप्रिलला नेव्ही पिअरवर शपथविधी झाला. २ मे रोजी नगरसभेची पहिली बैठक भरली आणि व्हर्डोलियाक यांनी ५० पैकी २९ नगरसेवक आपल्यामागे उभे करून दाखवले. सगळे गोरे, एक अपवाद वगळता. महापौरांनी बैठक तहकूब केली आणि ते २१ जणांसह निघून गेले. २९ जणांनी बैठक चालूच ठेवली आणि सगळ्या समित्या आपल्यात वाटून घेतल्या. न्यायालयानंही ते वैध ठरवलं. मग तीन वर्षं असंच चाललं. महापौरांनी कुणाचीही नेमणूक करावी आणि समितीनं ती अडवून ठेवावी. २९ जणांनी ठराव करावा आणि महापौरांनी नकाराधिकार वापरावा. नकाराधिकार मोडायला ३४ मतं लागत, ती त्यांच्याकडे नव्हती. एका विनोदी नटानं या भांडणाला गाजलेल्या अवकाश-चित्रपटाचं नाव थोडं बदलून ‘काउन्सिल वॉर्स’ म्हटलं आणि तेच नाव टिकलं.

या काळात हॅरॉल्ड यांनी जे करता येईल ते अधिकारातल्या आदेशांनी केलं. सरकारी माहिती नागरिकांना खुली केली. महापालिकेच्या नोकऱ्या राजकीय शिफारशीवर द्यायच्या नाहीत, हा न्यायालयीन करार मान्य केला. मशीनचं सगळं तेल त्या नोकऱ्यांतच होतं. ज्या खुर्चीसाठी इतका झगडा केला, तिचं सर्वांत मोठं हत्यार त्यांनी स्वतःच टाकून दिलं. त्यांच्या काही समर्थकांना हे पटलं नाही. आपली पाळी आली तेव्हाच खिरापत बंद का, असं ते विचारत. मला तो प्रश्न उथळ वाटत नाही. पिढ्यान् पिढ्या बाहेर ठेवलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. हॅरॉल्ड यांचं म्हणणं असं की आपण न्याय्य वाटा घेऊ, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही. १९८५ मध्ये त्यांनी आदेश काढला की शहराच्या कंत्राटांतला २५ टक्के हिस्सा अल्पसंख्याकांच्या आणि ५ टक्के महिलांच्या उद्योगांना मिळावा. फ्रेड राइस हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय पोलीस प्रमुख झाले. रस्ते आणि पदपथ दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जरोख्यांचा पैसा सगळ्या वॉर्डांत वाटला गेला, ज्यांनी एप्टनना मत दिलं होतं त्या वॉर्डांतही.

कोंडी फुटली ती पुन्हा नकाशामुळे. बर्नबाईंच्या काळात वॉर्डांच्या सीमा अशा आखल्या होत्या की कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मतं तुटावीत. त्याविरुद्धचा खटला वर जात राहिला, आणि अखेर ७ वॉर्डांत नव्या सीमांवर पुन्हा निवडणूक घ्यायचा हुकूम झाला. मार्च १९८६ मध्ये मतदान, एप्रिलमध्ये दोन वॉर्डांत फेरमतदान. २६ व्या वॉर्डात हॅरॉल्ड यांच्या बाजूचे लुईस गुटिएरेझ निवडून आले आणि नगरसभा २५–२५ झाली. बरोबरी झाली की निर्णायक मत महापौरांचं. तीन वर्षं फाइलींत पडलेल्या नेमणुका भराभर मंजूर झाल्या.

१९८७ च्या एप्रिलमध्ये हॅरॉल्ड पुन्हा निवडून आले, आधी पक्षात बर्न यांना आणि मग वेगळा झेंडा घेऊन उभ्या राहिलेल्या व्हर्डोलियाक यांना हरवून. या वेळी जवळजवळ ५४ टक्के मतं. त्या प्रचारात डेव्हिड अ‍ॅक्सेलरॉड नावाचा तरुण सल्लागार काम करत होता, आणि त्याच काळात दक्षिण भागातल्या वस्त्यांत बराक ओबामा नावाचा पंचविशीतला संघटक लोकांना संघटित करत होता. चाळींतल्या दुकानांत आणि केशकर्तनालयांत तेव्हा भिंतीवर हॅरॉल्ड यांचा फोटो असे.

२५ नोव्हेंबर १९८७, थँक्सगिव्हिंगच्या आदला दिवस. सकाळी दक्षिण भागात स्वस्त घरांच्या पायाभरणीला जाऊन ते सिटी हॉलमध्ये परतले. आपले प्रसिद्धी सचिव आल्टन मिलर यांच्याशी बोलता बोलता टेबलावर कोसळले. वजन खूप वाढलेलं, विश्रांती कधी घेतली नाही. हृदयानं साथ सोडली. वय ६५. सिटी हॉलच्या तळमजल्यावर त्यांचं पार्थिव ठेवलं तेव्हा थंडीत रात्रभर रांग चालू होती.

अंत्यविधी आटोपताच नगरसभेत नवा महापौर निवडायचा होता. हॅरॉल्ड यांच्या गटात दोन नावं होती: टिमथी एव्हान्स आणि यूजीन सॉयर. दोघेही कृष्णवर्णीय. जुन्या २९ पैकी जे उरले होते त्यांनी सॉयर यांना पसंती दिली, कारण ते सौम्य होते. १ डिसेंबरच्या संध्याकाळी बैठक सुरू झाली. बाहेर आणि सज्ज्यात हजारो लोक जमले, डॉलरच्या नोटा हवेत नाचवत, सौदा नको म्हणून ओरडत. सॉयर दालनात बसून राहिले. मान्य करावं की नाही हे त्यांना ठरवता येईना. एक नगरसेवक अध्यक्षांचं लक्ष वेधायला टेबलावर चढला. पहाटे चारला शपथ झाली. सॉयर यांना पडलेली मतं २९.

पुढच्या दीड वर्षात एव्हान्स आणि सॉयर यांच्या गटांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. १९८९ च्या फेब्रुवारीत पक्षाच्या निवडणुकीत सॉयर धाकट्या डेलींकडून हरले, आणि एप्रिलमध्ये हॅरॉल्ड यांच्या नावानं काढलेल्या वेगळ्या पक्षातर्फे एव्हान्सही. दक्षिण आणि पश्चिमेच्या वॉर्डांमध्ये त्या वर्षी मतदान १९८३ च्या मानानं बरंच घसरलं होतं. धाकटे डेली २०११ पर्यंत महापौर राहिले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९९१ मध्ये, शहराच्या मध्यभागी लाल विटांचं नवं मुख्य ग्रंथालय उघडलं, हॅरॉल्ड यांच्या नावाचं.